हार्ड टिप लावली आणि पांढरा बॉल ऐकेना

प्रश्न : पूल खेळायच्या माझ्या क्यूची (काठीची) मीडियम टिप, म्हणजे टोकाचं चामडं, दर चार-सहा महिन्यांनी कडेने फुगायची, सारखी बदलावी लागायची, म्हणून कंटाळून हार्ड लेयर्ड (थरांची) टिप लावून घेतली. तेव्हापासून पांढरा बॉल हवा त्यापेक्षा पुढे पळतो, ड्रॉ (पांढरा बॉल मागे फिरवणारा शॉट) मारायला गेलो की मिसक्यू (टिप बॉलवरून घसरते), आणि आवाज तर असा खट्ट येतो की बाजूच्या टेबलवरचे वळून बघतात. काढून टाकू का?

उत्तर : लगेच नको. एक गंमत सांगतो, चामड्याची टिप खेळून खेळून दाबली जाते आणि घट्ट होत जाते, म्हणजे तुमची मीडियम टिप बदलायला येईपर्यंत बऱ्यापैकी कडकच झालेली असणार आणि तेव्हा तुमची काही तक्रार नव्हती. कारण ते हळूहळू झालं, हाताला कळलंच नाही.

बॉल पळतो त्याचं कारण सरळ आहे. टिप आणि बॉलची गाठ पडते जेमतेम एक-दोन मिलीसेकंद, हार्ड टिप त्यात कमी दबते म्हणून जोर कमी वाया जातो आणि बॉलला जास्त मिळतो. तेव्हा हात आवरायचा, पण स्ट्रोक मध्येच अडवून नाही तर मागे कमी खेचून. काही दिवस पॉकेट करणं सोडा, नुसता पांढरा बॉल समोरच्या कुशनला (टेबलच्या कडेच्या गादीला) लावून आपल्या कुशनजवळ आणून थांबवा, वीस वेळा, रोज. कंटाळवाणं आहे पण वेगाचा अंदाज यानेच बसतो.

मिसक्यूचा दोष मात्र मी टिपच्या कडकपणाला देणार नाही, मला शंका आहे ती आकाराची आणि चॉकची (टिप घसरू नये म्हणून तिला लावायच्या खडूची). नवी टिप बऱ्याचदा सपाटच लावून मिळते, मग ड्रॉसाठी बॉलला खाली मारताना तिची कड लागते. नाण्याच्या कडेच्या वळणाइतकी गोलाई द्या, हार्ड टिप आकार धरून ठेवते त्यामुळे हे काम वरचेवर करावं लागत नाही. मग टिप उजेडात धरून बघा, चकाकतेय? म्हणजे गुळगुळीत झालीय, चॉक धरणारच नाही. स्कफरने (टिप खरवडायच्या खरखरीत साधनाने) हलकेच खरवडा, हलकेच हं, घासून अर्धी करू नका. आणि चॉक प्रत्येक शॉटला, क्यूब टिपवर ठेवून गरागरा फिरवायचा नाही (त्याने फक्त क्यूबला भोक पडतं), ब्रशसारखा कडेकडेने फिरवायचा. एवढं करूनही बॉलच्या मध्यापासून साधारण 14 मिमीच्या पलीकडे मारलंत तर कुठलीही टिप घसरणारच, 57 मिमीच्या बॉलवर तीच हद्द आहे.

हार्ड टिपने स्पिन कमी मिळतो असं कुणी सांगेल. फारसा फरक नसतो, स्पिन ठरतो तो मध्यापासून किती लांब मारता आणि किती वेगाने त्यावर. साइड (मध्याच्या डावीकडे-उजवीकडे) मारताना बॉल रेषा सोडतो तोही मुख्यतः शाफ्टच्या (क्यूच्या पुढच्या दांड्याच्या) टोकाच्या वजनामुळे.

आवाजाचं काही करता येत नाही, कोरडा खट्ट आवाज येणारच, सवय होईल. पण तो फाटका किंवा खरखरीत येत असेल तर टिपच्या कडेवरून नख फिरवून बघा, लेयर सुटत असेल किंवा टिप नीट चिकटली नसेल तर ज्याने लावली त्याच्याकडून पुन्हा बसवून घ्या.