मग ओरिजिनल नक्की कोणाचं?

प्रश्न : 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे मी कायम ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचं गाणं समजत आलो. मित्र म्हणतो ते बॉब डिलनचं आहे, ॲनिमल्सनी नुसतं कव्हर केलंय, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात गायलंय. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही नाही, पैज लावली असेल तर ती रद्द समजा! डिलननं ते १९६१ मध्ये रेकॉर्ड केलं खरं, पण त्यातली मांडणी डेव्ह व्हॅन राँक या लोकगायकाची, आणि गंमत म्हणजे त्याला विचारलं ते रेकॉर्ड करून झाल्यावर, तोवर व्हॅन राँक स्वतः तेच गाणं करायच्या तयारीत, म्हणजे बिचाऱ्याची पंचाईतच. त्याच्याही मागे जायचं तर १९३७, केंटकीतलं मिडल्सबरो गाव, तिथे लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं जॉर्जिया टर्नर नावाच्या १६ वर्षांच्या मुलीकडून हे गाणं रेकॉर्ड करून घेतलं. आणि क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांची रेकॉर्ड तर १९३३ चीच आहे, ॲशली म्हणायचा की मला हे आजोबांनी शिकवलं. आता आजोबांना कोणी शिकवलं ते शोधत बसा.

आणि एक बघा, जॉर्जियाच्या गाण्यात वाया गेलेली ती मुलगी आहे, डिलनही मुलगी म्हणूनच गातो, ॲनिमल्सनी १९६४ ला तिच्या जागी मुलगा आणला, त्यामुळे अख्ख्या गाण्याचा सूरच पालटला. रेकॉर्डिंग म्हणे एकाच टेकमध्ये उरकलं, पण लेबलवर पाच जणांची नावं मावेनात म्हणून 'पारंपरिक, संयोजन ॲलन प्राइस' एवढंच छापलं, आणि रॉयल्टी गेली एकट्या ऑर्गनवाल्याला! गिटारची ती सुरुवातीची ओळख सगळ्या जगाला पाठ आहे, ती वाजवणाऱ्या हिल्टन व्हॅलेंटाइनला त्यातलं काही नाही. मला विचाराल तर हा सरळसरळ अन्याय आहे.

प्रश्न : कव्हर हिट झालं की पैसे कोणाला मिळतात?

उत्तर : रेकॉर्डचे गाणाऱ्याला आणि कंपनीला, पण गाणं लिहिणाऱ्याचा वाटा वेगळा असतो. म्हणून तर डॉली पार्टननं, एल्विसच्या मॅनेजरनं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'चे निम्मे हक्क मागितले तेव्हा चक्क नाही म्हटलं, एल्विसला! गाणं तिनंच लिहिलेलं, १९७४ चं, १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टननं गायलं आणि डॉलीबाईंच्या नकाराचं सोनं झालं. उलट दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडानं १९३९ ला 'म्बुबे' रेकॉर्ड केलं, हक्क किरकोळ रकमेत विकले, त्याचंच पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं आणि जगभर वाजलं, तो मात्र १९६२ ला गरिबीतच गेला. वारसांनी कोर्टात भांडून २००६ मध्ये तडजोड करून घेतली तेव्हा कुठे घरच्यांच्या हातात काही पडलं.