वहिनीचा हंडा आणि बाबांचं मृत्युपत्र

"मृत्युपत्रात बाबांनी मला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावणारी, नेमलंय. थोरला भाऊ त्या घरात राहतो, खालच्या दुकानाचं भाडं घेतो, हिश्शाचा विषय काढला की उठून जातो. केस टाकू का?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी विचारणारा भाऊ असतो, कधी बहीण, कधी वडिलांचे मित्र असलेले एखादे बिचारे काका. या वेळी विचारणारी होती कोल्हापूरची शिक्षिका. माहेर सांगलीच्या गावभागातलं. तिघं भावंडं: थोरला सांगलीत, ही मधली, धाकटा पुण्यात आयटीत. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला तिघांचीही हरकत नाही.)

मृत्युपत्र मी वाचलं. दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणीही केलेली. नोंदणी सक्तीची नसते, पण बाबा जुने कारकून, काम पक्कं करणारे. मजकूर जेमतेम दीड पान. घर तिघांचं समान. थोरल्याला तिथंच राहायचं असेल तर त्यानं बाकी दोघांचे हिस्से चालू बाजारभावानं घ्यावेत. ही सगळी व्यवस्था मुलीनं बघावी.

इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना नऊ महिने भांडण कशाचं चाललं होतं?

पहिल्या बैठकीला ताई एकटीच आली. तिचं म्हणणं सरळ होतं: दादा अडवतोय. दुसऱ्या बैठकीला दादा आणि वहिनी आले. दादा बराच वेळ गप्प होता. बोलल्या त्या वहिनी. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. पातेली मोजली. शेजारच्या काकू दारात उभ्या. माझ्या माहेरचा तांब्याचा हंडा 'बाबांची भांडी' म्हणून लिहिला. मी लग्नात आणलेला हंडा!"

ताईचा चेहरा उतरला. तिला कुणीतरी सांगितलं होतं, एक्झिक्युटरनं आधी सगळ्या वस्तूंची यादी करावी. सल्ला चुकीचा नव्हता. मृताची मालमत्ता काय, देणी काय, हे आधी कागदावर आणायलाच हवं. पण चौदाव्या दिवशी, न विचारता, दुसऱ्या बाईच्या ओट्यापाशी उभं राहून? सव्वीस वर्षं त्या घरात रांधणाऱ्या बाईला त्या दिवशी कळलं, की आपण इथं पाहुण्या आहोत. पुढचे नऊ महिने दादा उठून जात होता तो खरं तर या वहीपासून.

आमच्याकडे पैशाचा हिशेब मागणं म्हणजे चोर म्हणणं. भावाकडे तर नकोच. मग तो मागितला जात नाही, मनात ठेवला जातो आणि तिथं त्याला व्याज लागत जातं.

मी ताईला म्हणाले, भाड्याचं नंतर बघू, आधी तुमचा हिशेब आणा.

"माझा?"

होय, तिचाच. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या सांगण्यावरून त्यांची मुदत ठेव मोडली होती, आणि पैसा हिच्या हातून खर्च झाला होता. उरलेली रक्कम अजून हिच्याच खात्यात. ती दुखावली. पुढची तारीख पुढं ढकलली, फोनही उचलला नाही. माझी एक पक्षकार गेली असं मी धरून चालले होते.

इथं कायद्याचं थोडं. सोबतीला माझे एक वकील स्नेही होते, त्यांनीच तिला समजावलं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. त्याप्रमाणे माणूस गेल्यावर मालमत्ता एक्झिक्युटरच्या हाती येते, ती मालक म्हणून नाही, सांभाळणारा म्हणून. आधी अंत्यविधीचा खर्च, मग देणी, मग वाटणी. एक्झिक्युटरनं संमती दिल्याखेरीज वारसाचा हक्क पुरा होत नाही, एवढा अधिकार त्याच्याकडे असतो. आणि म्हणूनच हिशेबाची पहिली पाळीही त्याची. ताई वाटेकरीही होती आणि व्यवस्थापकही. कायद्याला ते चालतं. भावांना मात्र कळत नव्हतं की समोर बोलतेय ती नक्की कोण.

धाकट्यासाठीही एक वाक्य होतं. तो तिसऱ्याच महिन्यापासून "पैसे कधी?" म्हणत होता. कायदा एक्झिक्युटरला मृत्यूच्या तारखेपासून एक वर्ष देतो, त्याआधी वाटप करायला तो बांधील नसतो. हे ऐकल्यावर व्हिडिओ कॉलवरचा त्याचा आवाज जरा खाली आला. प्रोबेटचंही, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेण्याचंही, त्यानंच काढलं, मुंबईच्या मित्राचं ऐकून. मुंबईत तसा दंडक वर्षानुवर्षं होता. सांगलीच्या घराला तो कधीच लागू नव्हता.

तिसऱ्या बैठकीला ताई आली. शाळेची दोनरेघी वही, त्यात दवाखाना, औषधं, रुग्णवाहिका, तेराव्याचं जेवण. पावत्या टाचलेल्या. फक्त 37,800 रुपयांना कागद नव्हता. ती खाली बघत म्हणाली, "रात्रीच्या मावशींना दिले. त्या पावती देत नाहीत."

खोलीत शांतता. मग दादा म्हणाला, "सहाशे घ्यायची की ती एका रात्रीचे. दोन महिने आली. मी बघितलंय."

त्यानं खिशातून स्वतःचा कागद काढला. दुकानाचं भाडं महिना साडेतीन हजार, नऊ महिन्यांचे 31,500. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, जिन्याचा पत्रा. उरलेले आठ हजार. कागद घडीवर फाटायला आला होता. खिशात किती दिवस होता कोण जाणे. कुणी रीतसर विचारलंच नव्हतं.

गोडीगुलाबी इथंच संपते, कारण पुढं बाजारभाव आला. धाकट्याच्या डोक्यात पुण्याचे दर. गावभागातल्या त्या घराच्या भिंतीवर 2005 आणि 2019 च्या पुराच्या खुणा आहेत, 2021 ला पुन्हा पाणी आलं. पूररेषेच्या भानगडीत बिल्डर लांबून नमस्कार करतात. दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार आणले, एक दादाच्या पसंतीचा, एक धाकट्याच्या. सरासरी 66 लाख. म्हणजे बावीस-बावीस.

दादानं 2019 च्या पुरानंतर घरात चार लाख घातले होते. ते वजा करा, हे त्याचं म्हणणं. वकील स्पष्ट बोलले: घर तेव्हा बाबांचं होतं, कर्ज म्हणून काही लिहिलेलं नाही, कोर्टात हे टिकणं अवघड. माझं मत वेगळं पडलं. कोर्टात काय टिकतं आणि जेवायला एका पंगतीत कशानं बसता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताई लगेच तयार झाली. धाकटा निम्म्याला कबूल झाला, तेही कुरकुरत. दोन लाख वजा, चौसष्टचे तीन भाग. घासाघीस म्हणा हवं तर.

पण अठ्ठावन्नाव्या वर्षी दादा चाळीस-बेचाळीस लाख आणणार कुठून? मार्ग ताईनंच काढला. तिनं हिस्सा विकला नाही, घरातच ठेवला. खालच्या दुकानाचं भाडं तिला. धाकट्याचे पैसे दादानं निम्मे भविष्यनिर्वाह निधीतून दिले, निम्मे दोन वर्षांत द्यायचे. एक्झिक्युटर स्वतःचा फायदा करून घेतेय असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून ही कलमं तिघांनी वाचून, सह्या करून, दस्त नोंदवला. या नोंदणीत काटकसर करू नका. साध्या कागदावरचं हक्कसोडपत्र घेऊन रडत येणारे मी पुष्कळ पाहिलेत.

केस टाकली असती तर? टाकता आली असती. एक्झिक्युटर खरोखर खात असेल, कागद दडवत असेल, तर कोर्टात जावंच. तिथं समुपदेशन म्हणजे वेळकाढूपणा. इथं कुणी खात नव्हतं.

सगळं गोड झालं असंही नाही. धाकटा त्या वर्षी गणपतीला आला नाही. दादाकडून त्याला जायचा एक हप्ताही उशिरा गेला, त्यावरून मला पुन्हा फोन झाले.

दस्ताला जोडायची वस्तूंची यादी मात्र नव्यानं केली, वहिनींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच हातानं. ताई सांगत होती, वहिनी लिहीत होत्या. हंडा त्यात नव्हता. वहिनींनी आपणहून एक ओळ वाढवली: आईंचं पितळी पातेलं, ताईंना.

घरपट्टी अजून बाबांच्याच नावानं येते. ते नाव बदलून घ्या, मालमत्ता पत्रकावरही नोंद लावा, असं मी दर फोनला सांगते. दादा म्हणतो, "करू की, दिवाळीनंतर." ही त्याची दुसरी दिवाळी.