लुगड्यांना कात्री लावण्यापूर्वी

हर्णै, वैशाख

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आजीच्या ट्रंकेतून निघालेली सात लुगडी, आजोबांची दोन धोतरे, बटणांचा डबा आणि शंखशिंपल्यांनी काठोकाठ भरलेली बिस्किटांची पत्र्याची पेटी, एवढा ऐवज तुझ्या वाट्याला आला आहे. गोधडीला सुरुवात कशी करावी आणि शंखांचे काय करावे, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. मला ते एकाच प्रश्नाचे दोन पदर वाटतात, म्हणून उत्तर एकत्रच लिहिते.

कात्री हातात घेण्यापूर्वी एक दोनशे पानी वही आण. प्रत्येक लुगडे पूर्ण उलगडून काठ आणि पदर दिसतील असा त्याचा फोटो काढ, आणि मग आईला, मावशीला, आजीच्या शेजारणीला बसवून विचार की हे कोणते, कधीचे, कोणी दिलेले. जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत उतरव. मी हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी मी काहीही न विचारता शिवली. तिच्यात एक तपकिरी चौकडा आहे, बारीक पांढऱ्या रेघांचा, वापरून वापरून मऊ झालेला. तो कोणत्या लुगड्याचा, ते आई कधी नेसत असे, हे सांगणारे आज घरात कोणीही उरलेले नाही. रोज रात्री तो चौकडा माझ्या हाताखाली येतो आणि रोज मला तीच चुटपुट लागते.

आता कापडाविषयी. जुने लुगडे आधी घड्यांवर विरते, म्हणून प्रत्येक घडी उजेडासमोर धरून पाहा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघ. जिथे सूत सरकून जाळी दिसते ते कापड आतल्या थरांना ठेव. घट्ट राहिलेले वर आणि खाली घे. तुझ्या फोटोतले तिसरे लुगडे इरकल आहे. त्याचा पदर रेशमी आहे आणि तो सुती कापडाबरोबर एकसारखा धुतला जाणार नाही, तेव्हा तो गोधडीत घालू नकोस, वेगळा जपून ठेव. सुती आणि सिंथेटिक कापडेही एकत्र करू नकोस. नवे कापड वापरायचेच असेल तर ते आधी दोनदा धुऊन, ओले असतानाच पांढऱ्या कापडावर घासून पाहा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तालुक्याच्या बाजारातून आणलेले तांबडे कापड न धुताच मध्यभागी लावले होते. पहिल्याच धुण्यात सासऱ्यांच्या पांढऱ्या धोतराचा सगळा थर गुलाबी झाला आणि तो डाग पुन्हा निघाला नाही.

मापाची काळजी करू नकोस, कारण नऊवारीनेच ती केलेली आहे. नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, सव्वा वार धरला तर दोन तुकडे शेजारी जोडून साडेसात फूट रुंदी मिळते. म्हणजे एका धडधाकट लुगड्यातून दोन माणसांच्या गोधडीची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगे निघतात, आणि बाकीची विरलेली कापडे मधल्या थरांना उरतात. घाटावरच्या थंडीला सहा-सात थरांची जड गोधडी लागते. आपल्या किनाऱ्यावर चार थर पुष्कळ होतात, आणि हलकी गोधडी लवकर वाळते हा तिचा मोठा गुण आहे. वरच्या अंगावर ठिगळे लावायची असतील तर ती आधी कागदावर मांडून बघ, पण फार मोजूनमापून जुळवू नकोस. आजीच्या हिरव्याशेजारी आजोबांचे पांढरे आले की ते आपोआपच शोभते.

थर जमिनीवर अंथरून चारही कोपऱ्यांवर वजन ठेव. आमच्या घरी वरवंटा आणि भरलेले तांबे ठेवत. मग मधून बाहेरच्या दिशेने लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घे. या कामाचा कंटाळा येतो, आणि नव्याने शिकणाऱ्या मुली नेमके हेच गाळतात. आपल्याकडे गोधडीचा धावदोरा कडेपासून सुरू होतो, चौकोनात चौकोन काढल्याप्रमाणे कोपऱ्याकोपऱ्याला वळत आत जातो आणि मध्यावर संपतो; त्यामुळे कापडातला सगळा ढिलेपणा टाक्यांपुढे सरकत मध्यभागी जमतो. टाचण नीट असेल तर तो जमत नाही, नसेल तर शेवटच्या हातभर जागेत असा फुगा येतो की उसवण्यावाचून इलाज राहत नाही. दोन ओळींत एका बोटाचे अंतर ठेव, दोरा सुतीच घे, आणि मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाल. टाके पहिल्या आठवड्यात वाकडे येतील. ते उसवू नकोस. पुढच्या ओळी सरळ येऊ लागल्या की तुझा हात कुठे बसला हे त्याच गोधडीवर कायमचे दिसत राहील, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

कोपऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यांत माझा जीव अडकला आहे. गोव्याच्या दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते, आणि तिथून निसटून ते घाटावरच्या जंगलांत स्थिरावले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. तिथे त्यांना कवदी म्हणतात. त्याही कडेकडून आत टाके घालत जातात. काम पुरे होताना मात्र त्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवून शिवतात. त्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवदी उघडी राहते असे मानतात. ज्यांच्याजवळ चिंध्यांखेरीज फारसे काही नव्हते, त्यांनीही शेवटची चिंधी कोपऱ्याच्या फुलासाठी राखून ठेवली, याचा मी फार वेळा विचार करते. तू फुले लाव असा माझा हट्ट नाही, पण एका कोपऱ्यावर आतल्या बाजूने बोटभर पांढरी पट्टी अवश्य लाव आणि तिच्यावर रंगीत दोऱ्याने आजीचे नाव, तुझे नाव आणि साल शिव. वही कधीतरी हरवेल, तेव्हा ही पट्टी उपयोगी पडेल.

निदान टाचण तरी मिरगाच्या आधी पुरे कर. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांत अर्धवट शिवलेले थर गुंडाळून ठेवले तर त्यांना कुबट वास येऊन बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते पुढे जात नाहीत. सुया खोबरेल लावलेल्या कापडात खोचून ठेव; खाऱ्या हवेत त्या आठवड्यात गंजतात आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर तपकिरी टिंबे सोडते. गोधडी धुण्याचा काळ आपल्या बायकांनी फार विचाराने ठरवलेला आहे: पाऊस ओसरल्यावर, घट बसण्याच्या आधी, घरातली सगळी अंथरुणे पांघरुणे एकदम निघतात. धुताना शेवटचे पाणी गोडेच असू दे, आणि वाळत घालताना दोरी समुद्राच्या तोंडावर बांधू नकोस, कारण मीठ कापडात बसले की ते हवेतली ओल ओढते आणि गोधडी कितीही वाळवली तरी अंगाला चिकट लागते.

गोधडी तयार झाल्यावर ती परत ट्रंकेत घालायची नाही. आजीची आठवण म्हणून नेपथलीनच्या गोळ्यांबरोबर कोंडलेल्या दोन गोधड्या मी पाहिल्या आहेत. दोन्ही घडीवर तुटल्या. पांघरलेली, उन्हात घातलेली, फाटली तिथे ठिगळ लावलेली गोधडी कितीतरी अधिक टिकते.

आता पेटीकडे वळते. फोटोत मला तिसऱ्यांच्या शिंपा, खुबे, समुद्रफेसाचे दोन तुकडे, पाच पाकळ्यांची खूण असलेली एक पांढरी चकती, लाटांनी गोल केलेले मंगळुरी कौलाचे खडे आणि हिरव्या काचेचा एक गुळगुळीत तुकडा दिसला. बाजारात यांची किंमत शून्य आहे. तरीही समुद्रफेस हा माकूल जातीच्या प्राण्याच्या पाठीतला भाग आहे आणि कौलाचा खडा कोणाच्या तरी छपरावरून समुद्रात गेलेला आहे, एवढे कळल्यावर ती पेटी नुसती शोभेची राहत नाही.

पहिले काम म्हणजे सगळे गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजव, रोज पाणी बदल, आणि सावलीत वाळव. उन्हात रंग उडतात. व्हिनेगर किंवा लिंबू लावून चकाकी आणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. शिंपला चुनखडीचा असतो, म्हणून तर आपल्याकडे शिंपले भाजून चुना करत. आंबट त्याला लागले की तो विरघळतो. हेच संकट न दिसताही येते. लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते, आणि आपल्यासारख्या दमट हवेत ती शंखांच्या पृष्ठभागावर बसून त्यांवर पांढरी भुकटी आणते. माझा चाळीस वर्षांचा संग्रह सुबक लाकडी कप्प्यांच्या पेटीत होता. एका भाद्रपदात पेटी उघडली तेव्हा आंबूस वास आला, आणि बोट लावताच रेषांवरची नक्षी पिठासारखी हाताला लागली. तेव्हापासून मी सगळे काचेच्या बरण्यांत ठेवते. तुझी पत्र्याची पेटीही गंजेल. ती आठवण म्हणून ठेव, शंख मात्र बरणीत काढ.

पुढे स्वतः वेचायला गेलीस तर ओहोटीची वेळ साधून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आपल्याकडच्या जाणत्यांचे साधे गणित तुला ठाऊक असेल: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती म्हणून पहाटे व सायंकाळी सहाच्या आगेमागे सर्वांत दूरवर गेलेली ओहोटी. उचललेला प्रत्येक शंख उलटा करून क्षणभर धर. आत जीव असेल किंवा शंखात राहायला आलेला खेकडा असेल तर जिथून उचलला तिथेच ठेव. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हातातच घेऊ नकोस, त्यांचा दंश विषारी असतो. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही मोठे शंख यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पर्यटकांच्या दुकानातून असले काही विकत घेऊ नकोस. आणि प्रत्येक वस्तूच्या आत पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली कागदाची चिठ्ठी घालून तोच क्रमांक वहीत टाक: जागा, तारीख, तिथी, कोणाबरोबर गेले होते. गोधडीच्या आणि शंखांच्या नोंदी एकाच वहीत असू देत.

असल्या किरकोळ वस्तूंत जन्म घालवावा का, असेही तू बिचकत विचारले आहेस. पुण्याला गेलीस तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक पूर्ण दिवस काढ. दिनकर तथा काका केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपे, दौती अशा घराघरांतल्या वस्तू जमवल्या, बाळपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले, आणि १९७५ साली तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. तिथल्या अडकित्त्यांच्या कपाटासमोर मी तासभर उभी होते. लोकांनी मोडीत घातलेली वस्तू एका माणसाने उचलून पुसून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती पाहता येते.

बटणांच्या डब्यातली पांढरी बटणे एकेक करून गालाला लावून बघ. जे गार लागेल आणि फिरवल्यावर आतून गुलाबी-हिरवी झाक देईल, ते शिंपल्याचे आहे. अशी चार निघाली तर गोधडीच्या चार कोपऱ्यांवर लाव. आजीची पेटी आणि आजीची लुगडी एकाच ठिकाणी येतील.

टाचण झाले की फोटो पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
बाई

ता. क. पेटीच्या डाव्या कोपऱ्यात ज्या पाच कवड्या आहेत, त्यांपैकी एकीची पाठ कापलेली दिसते. तशी कवडी ओवण्यासाठी कापतात. ती देवीच्या माळेतली असावी. बाकीच्या चार घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, त्या बहुधा पटावर खेळून. तेव्हा वहीत त्यांच्यापुढे ‘समुद्रावर सापडल्या’ असे लिहू नकोस. आधी आईला विचार की आजी सारीपाट कोणाबरोबर खेळत असे.