दोन बकऱ्यांपैकी बळीचा कोणता?

एका वाचकाने विचारले आहे: "चूक साहेबाची आणि नोकरी जाते शिपायाची, तेव्हा आपण म्हणतो, त्याला ‘बळीचा बकरा’ केले. येशूनेही दुसऱ्यांची पापे स्वतःवर घेतली. मग ‘येशू आपल्यासाठी बळीचा बकरा झाला’ असे मराठीत म्हणता येईल का?"

नाही म्हणता येणार. आणि खरे तर शिपायालाही म्हणता येणार नाही. इंग्रजी ‘स्केपगोट’ दिसला की ‘बळीचा बकरा’ ठोकून द्यायचा, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. स्केपगोट बळी जात नाही, तो सुटतो. विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलची पहिली पाच पुस्तके इंग्रजीत छापली, तेव्हा हा शब्द घडवला. त्यातला ‘स्केप’ म्हणजे ‘एस्केप’च.

मूळ प्रसंग त्या पाचांपैकीच लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. यहुद्यांच्या वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वरासाठी, दुसरी अजाजेलसाठी (या नावाचा अर्थ नक्की कोणालाच ठाऊक नाही). पहिला बकरा कापतात आणि त्याचे रक्त उपासनेच्या मंडपातल्या पडद्याच्या आत नेऊन शिंपडतात. बळीचा बकरा हा. पण त्याच्यावर कोणी दोष लादत नाही. दुसरा जिवंत उभा असतो. महायाजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो. होमबलीच्या, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायच्या बळीच्या, नियमात नुसता ‘हात’ आहे, इथे मुद्दाम ‘दोन्ही हात’ म्हटले आहे. लोकांचे सगळे अपराध तो उच्चारतो, त्या डोक्यावर ठेवतो, आणि एक माणूस त्या बकऱ्याला रानात नेऊन सोडतो. म्हणजे मरतो एक आणि ओझे वाहतो दुसरा. आपण दोघांना एकाच दावणीला बांधले.

यावर काही जाणकार मिश्नाचा, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाचा, दाखला काढतात: दुसऱ्या बकऱ्यालाही शेवटी कड्यावरून ढकलत असत, म्हणून तोही बळीच. ही रीत मिश्नात आहे, मान्य. पण लेवीयातली आज्ञा रानात सोडण्याची आहे, आणि कड्यावरून ढकललेला प्राणी वेदीवर चढत नाही. वेदीच नाही तिथे बळी कसला? या मंडळींनी तो अध्याय एकदा सावकाश वाचावा.

आता मला ज्याचा खरा आनंद आहे ते सांगतो. २२व्या ओवीत तो बकरा सगळे अपराध ‘वाहून नेईल’ असे म्हटले आहे. तिथले हिब्रू क्रियापद ‘नासा’, म्हणजे उचलणे, वाहणे. आणि हिब्रूत क्षमा करण्यालाही हेच क्रियापद चालते! बायबलमधल्या ३२व्या स्तोत्राच्या आरंभी ज्याच्या अपराधाची क्षमा झाली त्याला धन्य म्हटले आहे, तिथे शब्दशः ‘ज्याचा अपराध उचलला गेला’ असे आहे. भावाचा खून केलेला काइन देवाला जे म्हणतो (उत्पत्ती ४:१३) त्यात पुन्हा ‘नासा’. म्हणून त्या वाक्याचे दोन अर्थ होतात: ‘माझी शिक्षा मला सोसवणार नाही’ आणि ‘माझा अपराध क्षमेपलीकडचा आहे’. अनुवादक एक निवडतात. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही वाजत असणार.

आता आपली ‘क्षमा’ बघा. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, सांगतो: ‘क्षमूष् सहने’. क्षम् म्हणजे सोसणे, पेलणे. म्हणूनच पृथ्वीला क्षमा म्हणतात, सर्वंसहा म्हणतात. सक्षम, क्षमता, कार्यक्षम हे सगळे त्याच घरचे. ज्याला भार पेलतो तो सक्षम, आणि जो दुसऱ्याच्या अपराधाचा भार पेलतो तो क्षमा करतो. संस्कृत आणि हिब्रू यांचे कूळ वेगळे, तरी दोघींना क्षमा म्हणताच पाठीवरचे ओझे आठवले. मला यापुढे दुसरी कुठलीही व्युत्पत्ती फिकी वाटते.

‘माफी’ मात्र वेगळ्या वाटेने आली. ती अरबी ‘अफ्व’च्या घरची, आणि त्या धातूत पुसून जाण्याचा अर्थ आहे, वाऱ्याने वाळूतल्या खुणा पुसाव्यात तसा. माफीत खूण जाते. क्षमेत कोणीतरी ते ओझे उचललेले असते. ‘क्षमा म्हणजे विसरून जाणे’ असे जे शिकवले जाते ते मला म्हणूनच अजिबात पटत नाही. विसरायला खांदा लागत नाही.

ग्रीकमध्ये आणखी एक गंमत आहे. इजिप्तमधल्या यहुद्यांनी केलेल्या जुन्या ग्रीक भाषांतरात हा दुसरा बकरा ‘एइस आफेसिन’, म्हणजे सोडण्यासाठी, राखलेला आहे (१६:२६). मत्तय २६:२८मध्ये शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू द्राक्षारसाच्या प्याल्याबद्दल बोलतो, तिथे ‘पापांच्या क्षमेसाठी’ याला नेमके हेच दोन शब्द आहेत, ‘एइस आफेसिन’. माझे मत असे की शुभवर्तमानातली क्षमा ऐकताना तो रानात सोडलेला बकरा डोळ्यांपुढे यायलाच हवा. योहान बाप्तिस्मा करणारा येशूला ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ म्हणतो, त्यातही कोकरू वल्हांडणाचे, म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचे, पण ‘हरण’ हे काम दुसऱ्या बकऱ्याचे. वल्हांडणाचे कोकरू कोणाचे पाप वाहून नेत नव्हते. मारला जाणारा आणि वाहून नेणारा इथे एकच झाला आहे, आणि ओझे एकाच समाजाचे न राहता ‘जगाचे’ झाले आहे. त्याची चाहूल लेवीयातही आहे. त्या दिवसाचा नियम देशातल्या माणसाला आणि त्यांच्यात राहणाऱ्या परक्यालाही सारखाच सांगितला आहे (१६:२९).

तेव्हा येशूसाठी ‘देवाचा कोकरा’ हेच ठेवा. ‘बळीचा बकरा’ म्हटले की अर्धी गोष्ट सांगितली जाते, आणि वर ती फसवणुकीची वाटते. शिपायाला कोणी विचारले नव्हते, येशू आपण होऊन पुढे आला. आणि शिपायासाठी मराठीत बकऱ्याची गरजच काय? साहेबाने आपल्या चुकीचे खापर त्याच्या डोक्यावर फोडले, असे म्हणा.