मुलीला सायन्सलाच जायचंय, तर दहावीत समाजशास्त्राला किती वेळ द्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीत आहे, जळगावात स्टेट बोर्डाला, गणित-विज्ञान पक्कं आहे पण इतिहास-भूगोल "पाठच होत नाही", आणि बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरताना, हा विषय गळणारच असेल तर त्यात वेळ कशाला घालवायचा. मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात एकोणीस वर्षं हाच विषय शिकवतेय. हे वाक्य पालकांकडून ऐकलंय, क्लासवाल्यांकडून ऐकलंय आणि सगळ्यात जास्त स्टाफरूममध्ये ऐकलंय. दर वेळी तेवढंच लागतं.

आधी तुमचं उत्तर देऊन टाकते. रोज पाऊण तास पुरे. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. नकाशा आणि आलेख हे विज्ञानाच्या मुलीसाठी हातचे मार्क आहेत, ते सोडू नका. "कारणे लिहा" हा प्रश्न ती विज्ञानात रोज सोडवते, इथेही तसाच सोडवायचा, आधी काय झालं आणि त्यामुळे पुढे काय झालं. अपेक्षित प्रश्नसंच शेवटच्या महिन्यात आणा, त्याआधी घरात नको.

आता ते "पाठ होत नाही". अहो, हा पाठ करायचा विषयच नाही.

माझे आजोबा पांझरा नदीवरच्या एका फडावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाटाचं पाणी वळवून देणारे, होते. जळगावकडे सगळ्यांना फड माहीत असेलच असं नाही म्हणून सांगते. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, त्या एकेका तुकड्याला म्हणायचं फड, आणि या सगळ्या व्यवस्थेलाही फडच. एका फडात एकच पीक, यंदा इथे ऊस, तिथे गहू, तिसऱ्यात बाजरी, पुढच्या वर्षी फिरवायचं. खरी अक्कल पुढे आहे. प्रत्येक शेतकऱ्याची एक पट्टी प्रत्येक फडात असायची, म्हणजे नदीला पाणी कमी आलं आणि एक फड कोरडा ठेवायचा ठरला तर नुकसान सगळ्यांचं थोडं थोडं व्हायचं, कोणा एकाचं वाटोळं नाही. पीक कोणतं, पाणी कुठल्या फडाला, हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे. आमच्या फडावर तर मालकानं स्वतःच्या शेतात पाणी वळवायला फावडं उचललं तरी दंड होता, ते काम फक्त पाटकऱ्याचं, त्याची मजुरी धान्यात. ना इंजिन ना मोटार, सगळं पाणी उताराचं. आणि ही पद्धत काही शे वर्षं चालली.

२०११ च्या जानेवारीत एका शनिवारी, सकाळची शाळा होती, मी नववीच्या ३४ मुलांना चालत तिकडे घेऊन गेले. आजोबा तेव्हा ८१ वर्षांचे, पण त्यांनी चारीचं, म्हणजे पाटातून फुटणाऱ्या छोट्या नालीचं, तोंड चिखल आणि गवताची पेंढी दाबून दोन मिनिटांत बंद करून दाखवलं, पाणी जागेवर वळलं. एका मुलीनं पाटात निंबाचं पान सोडलं आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चालत गेली, पार वळणापर्यंत, पान कुठेच अडलं नाही. परत येऊन मला म्हणाली, मॅडम, एवढा बारीक उतार तेव्हा कसा काढला असेल? समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मी फळ्यावर तीन वेळा शिकवल्या होत्या, तोपर्यंत असा प्रश्न एकाही मुलानं विचारला नव्हता.

मग आजोबांनी पोरांना कोडं घातलं. यंदा नदीला निम्मंच पाणी आहे, चार फड आहेत, कोणाला द्याल? पाऊण तास भांडली पोरं. ऊस रोख पैसा देतो म्हणून ऊस धरा म्हणणारे होते, ऊस वर्षभर पाणी मागतो, गहू चार महिन्यांत घरात येतो म्हणणारी होती, निम्मं निम्मं वाटा म्हणणारे होते आणि मग दोन्ही वाळतील म्हणून त्यांना गप्प करणारेही होते. अर्थशास्त्र म्हणजे दुसरं काय असतं सांगा मला? साधनं कमी, गरजा जास्त, निवड करायची आणि जे सोडलं त्याची किंमत मोजायची. आणि ही निवड कोणी करायची, हे राज्यशास्त्र.

तेवढ्यात मागून एक मुलगा बोलला, त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे, घरची जमीन नाही. म्हणाला, "आमनी पट्टीच नही, मंग आम्ही काय बोलानं?"

सगळे गप्प. मलाही काही सुचेना. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुना सवाल खरा शे पोऱ्या. आम्ही तुमले कधी इचारंच नही." आयुष्यभर त्यांनी फडाचं कौतुक सांगितलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा ही बाजू त्यांच्या तोंडून ऐकली. फडाच्या बैठकीत बायाही नसायच्या, हेही त्यांनी मग स्वतःहून सांगितलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. पोरं नदीवर फिरवून आणली, पोर्शन कोण संपवणार, वगैरे. मग ते वाक्य, "मॅडम, इतिहास-भूगोल काय, कोणीही शिकवतं." पुढच्या आठवड्यात माझे दोन तास गणिताला गेले. तासांचं दुःख एवढं नाही, ते दर वर्षी जानेवारी आली की जातातच. पण "कोणीही शिकवतं" हे मी त्या दिवशी ऐकून घेतलं, नोकरी नवीन होती, घरी दोन लहान मुलं, काही बोलले नाही. आज इथे बोलते.

कोणीही शिकवत असेल तर मला त्या कोणीही माणसानं सांगावं की काँग्रेसचं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात शहर सोडून फैजपूरला का भरलं. तुमच्या जिल्ह्यातलं गाव आहे, यावल तालुक्यातलं. गाईडमध्ये लिहिलंय, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, एक मार्क, पुढे चला. इंग्रज सरकारच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याप्रमाणे १९३७ च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या, खेड्यातल्या शेतकऱ्याकडे जाणं भाग होतं, आणि म्हणूनच त्या अधिवेशनात शेतसारा आणि शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल कार्यक्रम मंजूर झाला, हे मुलीला एकदा सांगितलं की साल पाठ करावं लागत नाही, साल आपोआप बसतं. कापसाचंही तेच. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, इकडे खानदेशात कापसाचे भाव चढले, युद्ध संपलं तसे कोसळले. पुस्तकात काळी माती भूगोलात, युद्ध इतिहासात, भाव अर्थशास्त्रात आणि हमीभाव राज्यशास्त्रात. शेतकऱ्याच्या घरात पडलेला कापूस मात्र एकच असतो.

आणि ज्यांना वाटतं फड म्हणजे अडाण्यांची जुनी गोष्ट, त्यांच्यासाठी. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळालं, हे नोबेल मिळालेली पहिली बाई. त्यांचं काम काय, तर सामायिक पाणी, कुरण, जंगल हे सरकारनं ताब्यात घ्यावं किंवा खाजगी करावं एवढे दोनच मार्ग नाहीत, लोक स्वतः नियम करून, स्वतः देखरेख ठेवून, चुकणाऱ्याला दंड करून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. हे वाचलं आणि मी लगेच आजोबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि विचारलं, "तिनी आपला फड देखेल शे का?"

तो मागे बसलेला मुलगा. दहावीला समाजशास्त्रात त्याला ५१ मार्क पडले. पुढे सुरतेला गेला कामाला, तीन वर्षांपूर्वी परत आला आणि मला फोन केला. त्याच्या चुलत्याचा वनहक्काचा, म्हणजे कसत आलेल्या जंगल जमिनीवरच्या हक्काचा, दावा करायचा होता. कोणीतरी एजंट पैसे मागत होता, तहसीलमधून काम करून देतो म्हणून. हा म्हणाला, मॅडम, २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते ना, मग हा मधला माणूस कशाला? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो, त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही चालतो, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं. दोन रविवार माझ्या ओट्यावर बसून आम्ही कागद लावले. दावा अजून वरच्या समितीकडे पडून आहे, तो दर महिन्याला जाऊन विचारून येतो, आणि विचारताना लेखी पोच मागतो.

आता दोन गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. त्या मुख्याध्यापकांवरही निकालाचं ओझं होतं, ते काही वाईट माणूस नव्हते, पण चूक होते. आणि फड परत आणा असं मी म्हणत नाही, विहिरींवर मोटारी आल्या, नद्यांवर वर धरणं झाली, बरेच फड मोडले, जमीन नसलेल्याला तर त्यात तेव्हाही काही नव्हतं. तुमच्या मुलीला फक्त मार्कच हवे असतील तर वर लिहिलंय तेवढं केलं तरी ती ८० च्या पुढे जाईल, त्यात शंका नाही.

पण एक रविवार काढा. जळगावपासून गिरणा जवळच आहे. पुलावर उभी करा तिला, हातात कोरा नकाशा द्या, गिरणा काढायला सांगा, ती तापीला मिळते तिथपर्यंत. मग विचारा की महाराष्ट्रातल्या गोदावरी, कृष्णा, भीमा पूर्वेला जातात, मग तापी पश्चिमेला का? लगेच उत्तर सांगू नका. खचदरीपर्यंत, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून तापी वाहते इथपर्यंत, तिची ती पोचेल, विज्ञान पक्कं आहे म्हणता ना. मग त्याच नकाशात सातपुडा, भुसावळ जंक्शन आणि रावेर-यावलचा केळीपट्टा भरून घ्या, आणि दहावीच्या भूगोलात भारताशेजारी ब्राझील आहे, तेव्हा दुसऱ्या कोऱ्या नकाशावर ॲमेझॉन काढून घ्या.