तुमचे प्रश्न: मेरीमाता, 25 मार्च आणि एक हरभरा

प्रश्न : ताई, माझी मुलगी मेरीलँडला असते. तिकडे 25 मार्चला मेरीलँड डे पाळतात म्हणे. त्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय की अख्खी अमेरिका मेरीमातेच्या सणांवर वसलीये, कोलंबस 12 ऑक्टोबरला पोचला तो स्पेनमधल्या पिलारच्या मेरीचा दिवस, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन गाव 8 सप्टेंबरला वसलं तो मेरीचा वाढदिवस, मेरीलँड 25 मार्चला, लॉस एंजेलिसच्या नावातच ती. जावई म्हणतात दैवी योजना, मी म्हणतो योगायोग. कोण बरोबर?
— एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : काका, दोघंही नाही, पण जावयांना लगेच सांगू नका.

आधी लॉस एंजेलिस घ्या कारण ते सोपं आहे. 1769 च्या ऑगस्टमध्ये पोर्तोलाची स्पॅनिश तुकडी कॅलिफोर्नियातून चालत चालली होती, बरोबर क्रेस्पी नावाचे पाद्री होते, ते रोज डायरी लिहायचे आणि नवीन नदी दिसली की कॅलेंडर बघून नाव द्यायचे. नदी दिसली 2 ऑगस्टला, तो ‘देवदूतांची राणी मेरी’चा दिवस, झालं, नदीला ते नाव. गाव वसलं त्यानंतर बारा वर्षांनी, 4 सप्टेंबर 1781 ला, नाव नदीवरून आलं. आपल्याकडे रामनवमीला जन्मलेल्या मुलाचं नाव राम ठेवलं तर ‘बघा काय योगायोग, रामनवमीला राम जन्मला’ असं कोणी म्हणतं का? तसंच हे. सेंट ऑगस्टीनचं तर गंमतशीर आहे, स्पॅनिश सेनानी मेनेंदेझला फ्लोरिडाचा किनारा दिसला 28 ऑगस्ट 1565 ला, तो संत ऑगस्टीनचा दिवस म्हणून गावाचं नाव ते, पण समारंभाने उतरून मास, म्हणजे कॅथलिकांचा प्रार्थनाविधी, झाला 8 सप्टेंबरला, मेरीच्या जन्मदिवशी. बांद्र्याला मोतमावलीची जत्रा भरते ती याच तारखेच्या आसपास. म्हणजे एकाच गावाला दोन सण चिकटले, आणि व्हिडिओवाल्याने त्याला हवा तो उचलला.

आता तुमच्या मुलीचं मेरीलँड. ही खरी मजेची गोष्ट आहे. ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ही दोन जहाजं नोव्हेंबर 1633 मध्ये इंग्लंडहून निघाली, फेब्रुवारीच्या शेवटी व्हर्जिनियात पोचली पण होती, आणि मग पोटोमॅक नदीत शिरून सेंट क्लेमेंट नावाच्या एवढ्याशा बेटावर उतरली. फादर अँड्र्यू व्हाइट यांनी लिहून ठेवलंय की 25 मार्च 1634 ला तिथे पहिला मास झाला, मोठ्या झाडाचा क्रॉस केला आणि कॅथलिक मंडळींनी मिळून तो उभा केला. देवदूताने मेरीला ‘तुला मूल होणार’ ही बातमी दिली तो हा दिवस, 25 डिसेंबरच्या बरोब्बर नऊ महिने आधी. माझं मत विचाराल तर हा दिवस धरून ठेवलेला वाटतो, आपण नाही का ताबा आधीच मिळालेला असतो तरी कलश अक्षय्य तृतीयेलाच नेतो. त्याच लिखाणात हेही आहे की कपडे धुवायला किनाऱ्यावर गेलेल्या बायांची नाव उलटली, बाया थोडक्यात वाचल्या आणि बरेचसे कपडे वाहून गेले. ते मात्र कुठल्याच व्हिडिओत नसतं.

आणि नाव? ते मेरीमातेचं नाहीच हो, कागदोपत्री तरी. राजा पहिला चार्ल्स, त्याची राणी हेन्रिएटा मरिया, तिच्यावरून. पण वसाहतीचे मालक लॉर्ड बाल्टिमोर कॅथलिक, राणी कॅथलिक, आणि पहिल्या राजधानीचं नाव सेंट मेरीज, तेव्हा प्रोटेस्टंट दरबाराला राणी दिसावी आणि घरच्यांना माउली दिसावी अशी ती सोय होती असं मला वाटतं, आणि मला ती आवडते.

पण जावयांच्या थिअरीला खरा सुरुंग पुढे आहे. तेव्हा इंग्लंडचं कॅलेंडर पोपच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. म्हणजे या कॅथलिक मंडळींनी बेटावर 25 मार्च केला तेव्हा खुद्द रोममध्ये तारीख होती 4 एप्रिल, तिथे तो सण कधीच होऊन गेलेला! कोलंबसचंही तसंच, त्याचा 12 ऑक्टोबर 1492 आजच्या हिशोबाने 21 ऑक्टोबर होतो. शिवाय त्याच्या डायरीत त्या दिवशी पिलारचं नाव नाही. त्याने पहिल्या बेटाला नाव दिलं सान साल्वादोर, म्हणजे तारणहार, आणि मेरीचं नाव दिलं ते दुसऱ्याला.

उलटंही होतं बरं का, कॅलेंडर नीट लावलं की एखादा योगायोग उलट उजळतो. मेक्सिकोतली ग्वादालुपेची मेरी, ती प्रकटली असं मानतात तो दिवस 12 डिसेंबर 1531, आजच्या हिशोबाने 22 डिसेंबर, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमाराची तारीख, आणि चित्रात तिच्या मागे सूर्याची किरणं, पायाखाली चंद्राची कोर. त्याच टेकडीवर आधी तोनांतझिन या देवीचं ठाणं होतं असं साहागुन या पाद्र्यांनीच लिहिलंय, तेही वैतागून.

आणि शेवटी साधा हिशोब, मेरीचे आठ मोठे सण धरा, प्रत्येकाचा आदला दिवस आणि पुढचा आठवडा धरा, 72 दिवस झाले, वर्षाचा पाचवा हिस्सा. आपल्या पंचांगात कुठल्याही तारखेला काही ना काही निघतंच, एकादशी नाही तर प्रदोष, तसंच.

प्रश्न : ताई, जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म 1731 चा की 1732 चा? पोराच्या प्रोजेक्टसाठी दोन ठिकाणी दोन सालं मिळाली.
— एक आई, रावपुरा, वडोदरा

उत्तर : दोन्ही बरोबर. 25 मार्च फक्त मेरीचा सण नव्हता, इंग्लंडात आणि त्यांच्या वसाहतींत कायद्याने नवीन वर्षच त्या दिवशी सुरू व्हायचं. म्हणून 11 फेब्रुवारीला जन्मलेलं बाळ ‘1731 चं’. मग 1752 मध्ये कॅलेंडर बदललं, 2 सप्टेंबरला झोपलेली माणसं 14 सप्टेंबरला उठली आणि वर्षही 1 जानेवारीला आलं, त्यामुळे तोच वाढदिवस झाला 22 फेब्रुवारी 1732.

तुम्हाला हे कळायला काहीच अवघड नाही, बडोद्याचे मराठी आपण, चैत्रात गुढी उभारतो आणि दिवाळीनंतर बेसतं वरसला शेजाऱ्यांना साल मुबारक करतो. गुजराती पंचांगात संवत कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात, मधले सात महिने दोघांचा आकडा एकने वेगळा. प्रोजेक्टमध्ये पोराला दोन्ही तारखा लिहायला सांगा, टीचरने विचारलं तर गुढीचं उदाहरण द्यायचं.

ता. क. याच जुन्या हिशोबाने पहिली एलिझाबेथ राणी वर्षाच्या शेवटच्या दिवशी वारली, 24 मार्चला, आपण साल 1603 म्हणतो पण तिच्या लोकांसाठी ते 1602 होतं. जन्म 7 सप्टेंबरचा. म्हणजे जन्म मेरीच्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी आणि मृत्यू 25 मार्चच्या आदल्या दिवशी. व्हर्जिनिया हे नाव या कुमारी राणीवरून, मेरीवरून नाही. याला मात्र मी बिनशर्त योगायोग म्हणते.

प्रश्न : हे सगळं राजे-पाद्र्यांचं. साध्या खलाशांना मेरीचं काही पडलं होतं का?
— एक कॉलेजकुमार, मकरपुरा

उत्तर : फार! रोज संध्याकाळी जहाजावर तिची आरती म्हणावी तसं ‘साल्वे’ गायचे. कोलंबसच्या परतीच्या वाटेवर, 14 फेब्रुवारी 1493 ला, भयंकर वादळ झालं, सांता मारिया जहाज आधीच ख्रिसमसला रुतून गेलं होतं, तो आता छोट्या ‘नीन्या’ जहाजावर. कोलंबसने नवस बोलायचं ठरवलं. जितकी माणसं तितके हरभरे घेतले, एकावर चाकूने क्रॉस कोरला, टोपीत टाकून हलवले, ज्याच्या हाती तो हरभरा येईल त्याने स्पेनच्या ग्वादालुपेच्या मेरीला पाच पौंडांची मेणबत्ती घेऊन जायचं. आपण सिंग-चणा खाताना खडा लागला की तोंड वाकडं करतो, इथे एका चण्यावर यात्रा ठरत होती. पहिला हात कोलंबसने घातला आणि हरभरा त्यालाच आला.

वादळातून वाचले ते पोचले अटलांटिकमधल्या पोर्तुगीजांच्या आझोर्स बेटांपैकी सांता मारियावर. सगळ्यांनी मिळून एक नवस असाही केला होता की पहिली जमीन लागेल तिथे नुसत्या सदऱ्यावर मेरीच्या देवळात जायचं. तर निम्मे खलाशी सदऱ्यावर निघाले, बेटही मेरीचं, देऊळही मेरीचं, आणि प्रार्थना चालू असतानाच पोर्तुगीजांनी सगळ्यांना पकडून नेलं. आदल्या रात्री त्याच पोर्तुगीजांच्या कप्तानाने जहाजावर कोंबड्या आणि ताजा ब्रेड पाठवला होता. काही दिवसांनी सुटले. आणि त्याच वर्षी दुसऱ्या सफरीत एक मोठं बेट दिसलं तर कोलंबसने त्याला ग्वादालुपेच्या मेरीचं नाव दिलं, आजचं ग्वाडलूप ते हेच.