सेप्टिक, इन्फेक्शन, अल्सर, गँगरीन: ड्रेसिंगच्या नोंदीत नेमका कोणता शब्द लिहायचा?

तुम्ही जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, बारावीपर्यंत मराठी माध्यम, आणि जखमेची नोंद इंग्रजीत लिहायची म्हटलं की हे चारही शब्द एकाच माळेचे मणी वाटतात, असं तुम्ही विचारलंय. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली. सर्जिकल वॉर्डात 17 वर्षं काढली, त्यातलं पहिलं वर्ष याच गोंधळात गेलं.

तेव्हाची गोष्ट. एक ऊसतोड कामगार, अंगठ्याला कोयता लागलेला, वर दोन दिवस चिखलात काम केलेलं. जखम चिघळून पू आला होता. मी नाइट रिपोर्टमध्ये झोकात लिहिलं, ‘पेशंट सेप्टिक’. रात्री दीड वाजता रेसिडेंट डॉक्टर धापा टाकत जिना चढून आले, हातात ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते तपासायच्या, बाटल्या. पेशंट कॉटवर मांडी घालून शेजारच्याच्या डब्यातली भाकरी खात होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘सिस्टर, सेप्टिक कोण?’

आपल्या घरात ‘बोट सेप्टिक झालं’ म्हणजे पू धरला, एवढंच. वॉर्डात माणूस सेप्टिक म्हणजे त्याला सेप्सिस झालाय: जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराची प्रतिक्रियाच बिथरते आणि स्वतःचे अवयव निकामी करायला लागते. बीपी खाली, श्वास जलद, लघवी कमी, माणूस भ्रमात. गंमत म्हणजे चूक आपल्या घरच्यांचीही नाही. ग्रीकमध्ये या शब्दाचं मूळ ‘सडणे’ असंच आहे, सेप्टिक टँकमधलं सेप्टिक तेच. लिस्टरने 1867 मध्ये कार्बोलिक ॲसिडची पद्धत मांडली आणि तिला अँटिसेप्टिक म्हटलं, तेव्हाही बोलणं सडणाऱ्या जखमेबद्दलच होतं. आपण तो जुना अर्थ धरून बसलो, हॉस्पिटल पुढे गेलं. तेव्हा जखमेला ‘इन्फेक्टेड वूंड’ लिहा आणि सेप्टिक हा शब्द डॉक्टरांसाठी ठेवा. आणि हो, उच्चार वूंड. ‘वाउंड’ म्हणजे गुंडाळलेलं. मी वर्षभर वाउंडच म्हणत होते, कोणी टोकलं नाही.

पण खरं सांगू का, नुसतं ‘इन्फेक्टेड’ लिहिणंही आळशीपणाच आहे. डोळ्याला आणि नाकाला जे कळतं ते लिहा. पट्टी सोडली की आधी पट्टीकडेच बघायचं. पिवळसर पाण्यासारखं, ज्याला आपण जखमेतून ‘लस’ येते म्हणतो, ते सीरस. त्यात रक्त मिसळून गुलाबी झालं तर सीरोसँग्विनस. दाट, हिरवट-पिवळं, वास मारणारं असेल तर प्युरुलंट, म्हणजे पू. हा शब्द तर परका मानूच नका. संस्कृतात पूय, मराठीत पू, लॅटिनमध्ये पस, सगळी एकाच मुळाची भावंडं. फक्त पस या शब्दाला वाय जोडून विशेषण बनवायला जाऊ नका, स्पेलिंग भलत्याच शब्दाचं होतं. आमच्या बॅचमधल्या एकीने ते रिपोर्ट बुकात लिहिलं होतं आणि मेट्रनपर्यंत गेलं.

मग जखमेचा तळ. लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसलं तर ग्रॅन्युलेशन, म्हणजे जखम भरत येतेय. पिवळा-पांढरा चिकट थर म्हणजे स्लफ. काळं, कडक, चामड्यासारखं म्हणजे एस्कार. तळ किती लाल, किती पिवळा, किती काळा हे अंदाजे लिहिलंत तर दुसऱ्या दिवशीच्या सिस्टरला पट्टी न सोडताही बरंच कळतं. मेलेला भाग काढून टाकायच्या कामाला डिब्रीडमेंट म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ घोड्याचा लगाम काढणं.

गळू आणि सेल्युलायटिस यांत गल्लत करू नका. गळवात पू एका जागी साठतो, त्याला ॲब्सेस म्हणतात, तो फोडावा लागतो. सेल्युलायटिसमध्ये कातडी लाल, गरम, सुजलेली असते, लाली पसरत जाते, पण फोडायला काही नसतं. म्हणून लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ टाकतात. सकाळी लाली रेघेबाहेर गेली का, ते कुणालाही दिसतं.

अल्सर म्हटलं की आपल्याकडे फक्त पोट आठवतं. डायबेटिसच्या एका आजोबांच्या सुनेने मला विचारलं होतं, ‘अल्सर पोटात असतो ना, पायाला कसा आला?’ कोयता लागला, काच लागली, ती वूंड. कातडी किंवा आतलं अस्तर रोगाने किंवा दाबाने झडून उघडं पडलं आणि भरायचं नाव घेत नसेल, तर तो अल्सर. मग तो जठरात असो, तळपायाला असो की कॉटवर पडून पडून माकडहाडापाशी झालेला असो.

गँगरीन मात्र स्वतःहून कधी लिहू नका. पेशी मरणं म्हणजे नेक्रोसिस, ते जखमेच्या एका कोपऱ्यातही होतं. रक्तपुरवठा तुटून बोट, पाऊल असा सगळा भागच मेला की गँगरीन. कोरडं असेल तर बोट काळं पडून खारकेसारखं सुकतं आणि जिवंत-मेल्या भागात रेघ पडते. ओलं असेल तर सूज, फोड, आणि दारातूनच कळणारा वास. ओलं पसरतं, तिथे तास मोजावे लागतात. कातडी दाबल्यावर बोटाखाली चरचर लागली तर लिहीत बसू नका, आधी फोन करा.

एक तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. इंग्रजीतला नेक्रोटिक शब्द थंड असतो, कुणाला बोचत नाही. त्याचं मराठी करताना नव्या मुली पेशंटच्या उशाशी उभ्या राहून ‘पाय सडलाय’ म्हणतात. त्याच आजोबांच्या बाबतीत हे झालं. ते काही बोलले नाहीत, चादर ओढून पाय झाकून घेतला आणि त्या दिवशी ड्रेसिंग करू दिलं नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टर संध्याकाळी त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘बाबा, बोटाचं रक्त बंद झालंय, म्हणून काळं पडलंय. वरचा पाय चांगला आहे, तो राखायचाय.’ मग त्यांनी स्वतःच चादर बाजूला केली.